कोरी भिंत आणि चित्रकलेचा तास

जून २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली ब्रिज फार्म प्राथमिक शाळा काही दिवसांच्या सुट्टीनंतर उघडली, तेव्हा एका वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर माणसाच्या दुपटीहून उंच चित्र आलेलं होतं. पहिलीतलं पोर काढतं तशी काड्यांच्या हातापायांची मुलगी, हातात काठी, आणि त्या काठीने ती टायर पळवते आहे. आपल्या खेड्यांत निम्मं बालपण ज्या खेळात गेलं तोच हा खेळ. फरक इतकाच, की हा टायर पेटलेला होता.

चित्र बँक्सीचं होतं. आपलं खरं नाव स्वतःहून कधीच न सांगणारा हा चित्रकार ब्रिस्टलमधूनच पुढे आला. शाळेने आपल्या एका 'हाउस'ला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटाला, त्याचं नाव दिलं होतं. नाव मुलांनी सुचवलेलं, आणि शाळेने ते त्याला रीतसर कळवलेलं. त्याचं उत्तर हे असं भिंतीवर आलं. सोबत एक चिठ्ठी होती. तिचा आशय असा: नावाबद्दल आभार, चित्र आवडलं नाही तर त्यात खुशाल भर घाला, शिक्षक काही म्हणणार नाहीत, आणि परवानगी मागण्यापेक्षा मागाहून माफी मागणं नेहमीच सोपं असतं, हे ध्यानात ठेवा.

या शेवटच्या वाक्याने कुठल्याही मुख्याध्यापकांना घाम फुटेल. शाळा म्हणजे परवानगीचं राज्य. "बाई, पाणी पिऊन येऊ?" इथपासून सगळं विचारून करायचं. आणि रस्त्यावरची चित्रकला, म्हणजे आज ज्याला सगळे स्ट्रीट आर्ट म्हणतात ती, वाढली ती न विचारता. मग हा विषय चित्रकलेच्या तासाला घ्यायचा तरी कसा?

बहुतेक ठिकाणी यावर सोपा तोडगा काढला जातो. बँक्सीची फुगा सुटलेली मुलगी इंटरनेटवरून उतरवायची, कार्डशीटवर रंगवायची. किंवा फुगीर अक्षरांत आपलं नाव काढून मागे विटांची भिंत दाखवायची. मुलांचा तास मजेत जातो, यात वाद नाही. पण त्यात शैली तेवढी वर्गात येते आणि रस्ता बाहेरच राहतो. माझ्या मते या कलेतली शिकवण्याजोगी गोष्ट स्प्रेच्या डब्यात नाही. जो माणूस चित्र पाहायला निघालेला नाही, भाजी आणायला किंवा लोकल पकडायला निघाला आहे, त्याला त्याच्या वाटेवर गाठून काहीतरी सांगायचं, आणि त्यावर तो जे म्हणेल ते सोसायचं. हे कसब शिकवता येतं. ते शिकवताना मुलांना गावाची, वॉर्डाची, इतिहासाची, अर्जविनंत्यांचीही ओळख होते.

कीथ हेरिंगचं उदाहरण शाळेला सगळ्यात जवळचं आहे, कारण त्याची साधनं वर्गातलीच होती: काळा पृष्ठभाग आणि पांढरा खडू. १९५८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा मुलगा १९७८ मध्ये न्यू यॉर्कला कला शिकायला आला. तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवून ठेवत. १९८० मध्ये हेरिंगला अशी एक रिकामी चौकट दिसली. तो वर रस्त्यावर गेला, खडू विकत घेऊन आला आणि चित्र काढून मोकळा झाला. पुढची पाच वर्षं त्याने अशी हजारो चित्रं काढली. रांगणारं बाळ, भुंकणारा कुत्रा, उडती तबकडी, नाचणारी माणसं. गाडी यायच्या आत चित्र संपवायचं, म्हणून रेषा एकदाच ओढायची, खोडरबराला जागाच नाही. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलं. लोक मात्र थांबत, विचारत, याचा अर्थ काय? तो खिशातून चित्राचा बिल्ला काढून हातावर ठेवी आणि अर्थ तुम्हीच लावा म्हणे.

१९८६ च्या उन्हाळ्यात त्याने हार्लेममधल्या एका हँडबॉल कोर्टच्या भिंतीवर भडक नारिंगी रंगात 'क्रॅक इज वॅक' हे भित्तिचित्र काढलं. क्रॅक म्हणजे कोकेनचा स्वस्त आणि जीवघेणा प्रकार, 'वॅक' म्हणजे भिकार. त्या काळात न्यू यॉर्कमधल्या गरीब वस्त्या त्याने पोखरल्या होत्या आणि हेरिंगचा एक तरुण मदतनीसही त्यात सापडला होता. भिंत शहराच्या उद्यान खात्याची, परवानगी घेतलेली नाही. दंड झाला. वर्तमानपत्रांनी चित्र उचलून धरलं. मग कोणीतरी त्यावर फेरफार करून त्याचा संदेशच उलटा केला, ते चित्र पुसलं गेलं, आणि त्याच वर्षी हेरिंगने त्याच भिंतीवर नव्याने चित्र काढलं, या वेळी परवानगीने. आज शहरच ते चित्र जपतं. आठवी-नववीच्या मुलांपुढे ही एवढी एक कथा ठेवली तरी तासभर चर्चा रंगते. गुन्हा कधी झाला, कधी संपला, कोणी ठरवलं?

हेरिंगने मुलांबरोबर कामंही पुष्कळ केली. १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची शताब्दी होती. तेव्हा सुमारे हजार मुलांना घेऊन त्याने नव्वद फूट उंच कापडी चित्र केलं. बाह्यरेषा त्याची, आतला मजकूर आणि रंग मुलांचे. मे १९८९ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांतल्या जवळपास ५०० विद्यार्थ्यांबरोबर त्याने ४८० फूट लांबीचं चित्र रंगवलं. तिथेही त्याने काळ्या रेषेत आकृत्या काढून दिल्या आणि मुलांनी त्या भरल्या. तेव्हा तो एड्सने आजारी होता. फेब्रुवारी १९९० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो: दुसऱ्याने आखलेल्या रेषांच्या आत रंग भरणं हा आनंदाचा दिवस असतो, पण त्यात मुलांना काय सांगायचं होतं हे कोणी विचारलं? 'मोठा चित्रकार आणि शंभर मुलं' हा कार्यक्रम आपल्याकडेही अधूनमधून होतो. फोटो उत्तम येतात.

ही शंका फिटते ती लॉस एंजेलिसच्या एका ओढ्यात.

ओढा म्हणण्याजोगं तिथे फारसं उरलेलं नाही. १९३८ च्या महापुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी लॉस एंजेलिस नदी आणि तिचे उपप्रवाह काँक्रीटच्या खोल चरांत कोंडले. सॅन फर्नांडो खोऱ्यातला तुहुंगा वॉश हा त्यातलाच एक. सत्तरच्या दशकात त्याच्या काठावर बाग करायचं ठरलं, आणि अभियंत्यांनी त्या रुक्ष भिंतीचं काहीतरी करा म्हणून जूडी बाका या तरुण चित्रकर्तीला गाठलं. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातली ही मुलगी त्याच परिसरातल्या पकोइमात वाढलेली. ती ज्या शाळेत शिकली तिथेच पुढे शिक्षिका झाली आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मोर्चात उतरली म्हणून नोकरी गमावून बसली होती. नंतर शहराच्या उद्यान विभागात काम करताना तिने एकमेकांच्या जिवावर उठलेल्या चार टोळ्यांतली वीसेक पोरं गोळा केली. १९७० मध्ये त्यांनी एका बागेतल्या बँडस्टँडवर पहिलं मोठं चित्र काढलं: दोन्ही हात पसरून बसलेली आजी. टोळी कुठलीही असो, आजीच्या अंगावर रंगाचा डाग पाडायला कोणाचा हात धजावेना, अशी ती निवड होती. विषय निवडण्यातली ही हुशारी कुठल्याही रंगकामापेक्षा मोठी आहे.

तर या बाईंपुढे आता पाऊण किलोमीटरहून लांब भिंत होती. तिने ठरवलं, कॅलिफोर्नियाचा इतिहास काढायचा, पण पाठ्यपुस्तकात नसलेला. १९७६ च्या उन्हाळ्यात ऐंशी मुलं कामाला आली. त्यांतली बरीचशी बालगुन्हेगारीच्या खटल्यांतून पाठवलेली, वयं साधारण चौदा ते एकवीस. मुलांना कामाचे पैसे मिळत. हाताशी चित्रकार होते आणि इतिहासकारही होते. पहिल्या वर्षी सुमारे हजार फूट रंगवून झाले. आदिम काळापासून १९१० पर्यंत. पुढे १९७८, ८०, ८१ आणि ८३ च्या उन्हाळ्यांत एकेक दशक पुढे सरकत काम १९५० च्या दशकापर्यंत आलं. एकूण चारशेहून अधिक मुलं, लांबी २,७५४ फूट. 'द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस' या नावाने ही भिंत ओळखली जाते. २०१७ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

ब्रश हातात येण्याआधी काय व्हायचं ते शिक्षकांनी नीट पाहावं. मुलं व्याख्यानं ऐकत, ग्रंथालयात जात, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करत. चित्रांचे विषय त्यातूनच आले: चुमाश हे तिथले मूळ रहिवासी. रेल्वेच्या रुळांसाठी राबलेले चिनी मजूर. तिशीच्या मंदीत, अमेरिकेचे नागरिक असूनसुद्धा, गाडीत घालून मेक्सिकोला धाडलेली कुटुंबं. १९४२ मध्ये छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक. यांतल्या पुष्कळ गोष्टी काम करणाऱ्या मुलांच्या आजोबा-आजींच्या घरातल्याच होत्या, पण घरातही कोणी बोललेलं नव्हतं. मग कच्ची रेखाटनं, त्यांवर वाद, पुन्हा रेखाटनं. पक्कं झालेलं चित्र चौकटी आखून भिंतीवर मोठं केलं जाई. हीच पद्धत आपल्या पेंटर लोकांनी सिनेमाच्या पोस्टरांसाठी वर्षानुवर्षं वापरली.

१९५० च्या दशकातला एक भाग जवळून पाहण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसमध्ये महामार्ग बांधताना मेक्सिकन वस्त्यांच्या मधोमध खांब रोवले गेले, आणि चावेझ रवीन नावाची वस्ती उठली तिथे पुढे बेसबॉलचं स्टेडियम आलं. चित्रात महामार्ग अजगरासारखे वळसे घेत येतात आणि एकाच कुटुंबातल्या माणसांना विळखे घालून वेगळं करतात. वर स्टेडियम उडत्या तबकडीसारखं घरांवर उतरतं आहे. एकाही शब्दाविना विस्थापन म्हणजे काय ते कळतं. अशी प्रतिमा सुचायला आधी कोणाचं घर कुठे होतं ते माहीत असावं लागतं. रेषेवर हात बसलेला असणं त्यानंतर येतं.

बाका स्वतःही यात शिकत गेल्या. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या चित्रकारांना वेगवेगळे तुकडे दिले होते, त्यामुळे भिंत ठिगळांची गोधडी झाली. १९७७ मध्ये त्या मेक्सिकोत भित्तिचित्रांचं तंत्र शिकून आल्या आणि १९७८ पासून सगळ्या भिंतीची एकसंध रचना झाली. शाळेत प्रत्येक मुलाला एकेक चौकोन वाटून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चौकोन वाटणं न्याय्य दिसतं, चित्र मात्र होत नाही.

या भिंतीमुळे लॉस एंजेलिसमधली गरिबी हटली का, पोलिसांचा वर्णद्वेष संपला का? नाही. १९९२ मध्ये ते शहर दंगलीत जळलं. भित्तिचित्रं समाज बदलतात असं वाक्य सरधोपट लिहिलं जातं, ते मला पटत नाही. बदल झाला तो दोन ठिकाणी: इतिहासात कोणाकोणाला जागा आहे याबद्दलच्या शहराच्या समजुतीत, आणि काम करणाऱ्या मुलांत. एकमेकांना शत्रू मानणाऱ्या वस्त्यांतली पोरं महिनोन्‌महिने एकाच उन्हात, एकाच मचाणावर उभी राहिली. कलाशिक्षकाच्या हाती असलेला सामाजिक बदल एवढाच, आणि हा काही थोडाथोडका नाही.

भिंत आणि शाळा यांचं नातं नेहमी असं सुफळ संपूर्ण नसतं. मेक्सिकोत क्रांतीनंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. सुरुवात झाली ती मेक्सिको सिटीतल्या नॅशनल प्रिपरेटरी स्कूलपासून. रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस ही थोर मंडळी तिथे कामाला लागली. १९२४ मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी ओरोस्को आणि सिकेरोस यांच्या चित्रांची नासधूस केली. ओरोस्कोंना काम सोडावं लागलं आणि ते दोन वर्षांनी परत आले. आज ती चित्रं पाहायला जगभरातून लोक जातात. पण त्या वेळच्या मुलांच्या दृष्टीने ती त्यांच्या शाळेच्या भिंतींवर त्यांना न विचारता लादलेली होती, हेही खरं.

आणि सीरिया. २०११ च्या सुरुवातीला दारा शहरात काही शाळकरी मुलांनी शाळेच्या भिंतीवर राज्यकर्त्याला उद्देशून लिहिलं, डॉक्टर, आता तुमची पाळी. बशर अल असद शिक्षणाने नेत्रतज्ज्ञ, म्हणून डॉक्टर. मुलांना पकडून त्यांचे हाल केले गेले, आईबाप रस्त्यावर उतरले, निदर्शनांवर गोळ्या चालल्या, आणि पुढे देश यादवीत ढकलला गेला. त्या युद्धाची कारणं अनेक होती, ठिणगी मात्र शाळेच्या भिंतीवर पडली. म्हणून या विषयाला गोड गोड करून शिकवणारा शिक्षक मुलांची फसवणूक करतो. भिंतीवर लिहिण्याची किंमत असते आणि ती कधी कधी मुलांनी मोजलेली आहे.

आता आपल्याकडे येऊ. भिंतीवर काढणं आपल्याला परकं नाही. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, गेरूवर तांदळाच्या पिठाने. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली आणि ती जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावोगावच्या चौकांत खडूने फलकलेखन करणारे कलाकार आजही सणावाराला किंवा कोणाच्या निधनानंतर फळा सजवतात. गणपतीचे सामाजिक देखावे आहेत. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण एके काळी प्रत्येक एसटी स्टँडाशेजारी होता. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंती' आहेत: मुळाक्षरं, पाढे, नकाशे, सूर्यमाला, थोर पुरुषांची चित्रं. उपक्रम चांगला आहे, पहिलीच्या मुलाला उपयोगी आहे. पण या भिंती फक्त बोलतात. मुलाने त्यांच्याशी उलट बोलावं अशी सोय त्यांत नाही. बाहेरच्या 'झाडे लावा, झाडे जगवा'चंही तेच. ते वाचून कोणी झाड लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

रंगाने काय साधतं आणि काय नाही, हे मुंबईतल्या मुलांना मेट्रोच्या खिडकीतून दाखवता येईल. घाटकोपर-वर्सोवा मार्गावर असल्फाची टेकडी आहे. २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून तिथल्या घरांच्या भिंती लाल, निळ्या, पिवळ्या करून टाकल्या. फोटो सगळीकडे फिरले. वस्तीला चेहरा मिळाला असं काहींना वाटलं. पाणी, संडास, गळकी छपरं तशीच ठेवून प्रवाशांच्या डोळ्यांना थंडावा दिला, अशी टीकाही झाली. सातवीच्या वर्गाला दोन गटांत वाटून हा वाद घालायला लावा. मुलांचं मत कुठेही पडो, 'भिंत कोणासाठी रंगवायची?' हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सापडतो.

आपल्या अभ्यासक्रमात हे बसत नाही, असं म्हणायला मी तयार नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्राला बसस्टॉप, भाजीबाजार, गल्लीत खेळणारी मुलं असेच विषय येतात. म्हणजे रस्ता परीक्षेत आहेच. फक्त तो वर्गात बसून आठवून काढायचा असतो. अक्षरलेखनही आहे, आणि ग्राफिटीचा जीवच अक्षरांत आहे. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर शिरोरेषेला जो झोक देत, तो शिकवायला गावात अजून एखादा जुना माणूस सापडतो. त्याला एका तासाला बोलवावं. मानधन द्यावं.

काम कसं चालेल त्याचा एक नमुना देतो. पहिल्या तासाला रंग नकोत. वही घेऊन शाळेभोवती फेरी काढायची आणि भिंतींवर आत्ता कोण बोलतंय त्याची नोंद करायची. क्लासवाले, मूळव्याधवाले, उमेदवार, आणि 'येथे लघुशंका करू नये' म्हणणारे हताश घरमालक. मुलं हसतील, हसू द्या. मग विचारा, यात मुलीचं म्हणणं कुठे आहे, सफाई कामगाराचं कुठे आहे, तुमचं कुठे आहे?

समजा, मुलींच्या बोलण्यातून निघालं की मागच्या गल्लीत दिवे नाहीत, म्हणून त्या संध्याकाळी क्लासला जाताना लांबच्या रस्त्याने जातात. इथे पटकन 'स्त्रियांचा सन्मान करा' अशी घोषणा आणि मागे उगवता सूर्य काढायचा मोह होतो. तो आवरायचा. त्याऐवजी मुलींनी टेप किंवा पावलं घेऊन दोन्ही रस्ते मोजावेत, किती खांब आहेत, किती बंद आहेत ते नकाशावर मांडावं, गल्लीतल्या दुकानदाराशी आणि रात्रपाळीच्या बाईंशी बोलावं. मग चित्रात तो नकाशाच येऊ दे: जवळची वाट काळी, लांबची पिवळी, आणि त्या वळशावर दप्तर घेतलेल्या मुलींची रांग. हे चित्र कुठे लावायचं हा पुढचा प्रश्न. शाळेच्या आवारात लावलं तर ते पाहणार मुलीच, ज्यांना सगळं आधीच माहीत आहे. ते हवं त्या गल्लीच्या तोंडाशी, किंवा प्रभाग कार्यालयाच्या वाटेवर.

इथे परवानगी येते. 'महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम' १९९५ पासून लागू आहे. दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर परस्पर काही लिहिणं गुन्हा ठरतो. हे मुलांपासून लपवू नका आणि त्याचा बागुलबुवाही करू नका. घरमालकाकडे जाऊन कच्चं चित्र दाखवणं, सोसायटीच्या सभेत ते मांडणं, प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन पोच घेणं, नकार आला तर त्याचं कारण लेखी मागणं, हे सगळं या कलेचंच काम आहे. बँक्सीला न विचारण्याची चैन परवडते, सातवीच्या मुलीला नाही. पण विचारायला गेल्यावर तिला जे ऐकून घ्यावं लागतं, त्यात नागरिकशास्त्राचे दोन धडे सहज होऊन जातात.

साधनं स्वस्तातली घ्यावीत. स्प्रे मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, त्याचा वास आणि फवारा फुफ्फुसाला वाईट. ब्राउन पेपरवर चित्र काढून खळीने चिकटवणं सगळ्यात सोपं. गव्हाचं पीठ किंवा मैदा शिजवला की खळ तयार. पोस्टरवाले तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, शाळेत नको. जुन्या एक्स-रे फिल्मचा छाप कापता येतो, कटर मात्र मोठ्या माणसाने चालवावा. देवनागरीचा छाप कापताना एक मजेदार अडचण येते. 'व', 'ठ', 'ब' यांच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो, आणि शिरोरेषा सलग कापली तर सगळा शब्दच लोंबकळतो. मधे बारीक पूल ठेवावे लागतात. मुलं ते स्वतः चुकून शिकली की पुन्हा विसरत नाहीत. रंग स्पंजने टिपून लावायचा. थेट भिंतीवर काढायचं असेल तर पावसाळा सरून भिंत वाळू द्यायची, पोपडे खरवडायचे, प्रायमर द्यायचा आणि बाहेरच्या भिंतीचाच रंग वापरायचा. डिस्टेंपर पहिल्या पावसात धुऊन जातो.

आणि उत्तराला जागा ठेवायची. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये कँडी चँग या कलाकर्तीने २०११ मध्ये एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, त्यावर 'मरण्यापूर्वी मला...' अशा अर्थाचं अर्धवट वाक्य पुन्हा पुन्हा छापलं आणि शेजारी खडू ठेवले. एका दिवसात भिंत भरली. पुढे जगभर अशा भिंती झाल्या. आपल्या चित्राशेजारी दोन फूट काळी पट्टी आणि डबाभर खडू एवढं पुरे. लोक काय लिहितील याची भीती वाटते, आणि काहीबाही लिहिलं जाणारच. एखादी शिवी आली तर ती पुसून त्यावर वर्गात बोलावं. पण कोणी तरी 'तिसरा खांब मी कळवला, दुरुस्त झाला' असंही लिहील, अशी शक्यता ठेवायलाच ती पट्टी आहे.

गुण कसे द्यायचे, हे शिक्षक विचारतीलच. रेखाटन आणि रंग यांना निम्मे द्यावेत. उरलेले नोंदवहीला: किती माणसांशी बोललात, कोणाच्या बोलण्यामुळे चित्रात काय बदललंत. ज्या मुलाचा हात चित्राला बरा नाही पण जो सगळ्या गल्लीला बोलतं करतो, त्याला या विषयात पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मिळू शकतात.

चित्रकलेच्या तासिका आधीच कमी, त्यातही परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो तास मागून नेतात, हे मला ठाऊक आहे. तरीही कलाशिक्षकांना विनंती आहे: या दिवाळीनंतरच्या सत्रात एकच भिंत घ्या, फार मोठी नको, दहा फूट चालेल. विषय मुलांना ठरवू द्या. आणि घरमालकाला किंवा पालिकेला द्यायचा अर्ज तुम्ही लिहू नका. तोही मुलांनाच लिहू द्या, खाली सगळ्या वर्गाच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका म्हणावं.